अवशेषांमधली वस्ती हे अतिक्रमण नव्हे

सीरियाच्या दक्षिण टोकाला, जॉर्डनच्या सरहद्दीजवळ, हौरानच्या पठारावर बोसरा नावाचे गाव आहे. पठार लाव्ह्याचे असल्यामुळे गावातला दगड काळा आहे, आणि सह्याद्रीचा कातळ पाहत वाढलेल्या मराठी माणसाला तो मुळीच परका वाटणार नाही. इ.स. 106 मध्ये रोमन सम्राट ट्राजन याने नबातियन या अरब लोकांचे राज्य खालसा करून अरेबिया हा नवा प्रांत केला, तेव्हा बोसरा त्या प्रांताची राजधानी झाली आणि रोमन सैन्याचा तळ तिथे पडला. पुढे 512-13 च्या सुमारास सर्जियस, बाखस आणि लिऑन्टियस या संतांच्या नावाचे मोठे चर्च उभे राहिले. त्यानंतर खलिफा उमर यांच्या नावाने ओळखली जाणारी मशीद आली, बाराव्या शतकात मदरसा आला, 1372 मध्ये मंजक हमाम म्हणजे सार्वजनिक स्नानगृह बांधले गेले, आणि जुना प्रचंड तलाव हजला निघालेल्या काफिल्यांची तहान भागवू लागला. या सगळ्या काळात गाव पूर्ण ओस पडले, असे कधी झाले नाही. रोमन रस्त्याच्या फरसबंदीला लागून घरांचे उंबरे आले, कोरीव खांब परसाच्या भिंतीत उभेच राहिले, आणि एका राजवटीच्या इमारतीचा दगड दुसऱ्या राजवटीतल्या शेतकऱ्याच्या घराला कामी आला. 1980 मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारसा यादीत स्थान दिले आणि यादवी युद्धामुळे 2013 मध्ये त्याची नोंद धोक्यातील वारशांमध्ये केली.

बोसऱ्याचे रोमन नाट्यगृह आज जगातल्या सर्वांत सुस्थितीतल्या रोमन नाट्यगृहांपैकी एक मानले जाते. ते इतके शाबूत का राहिले, याचे कारण या लेखाच्या मुद्द्याच्या मुळाशी आहे. मध्ययुगात त्याच्याभोवती किल्ला बांधला गेला, आणि तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सलाहुद्दीनच्या घराण्यातल्या अय्युबी सुलतानांनी त्याला भक्कम बुरूज जोडले. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर माती आणि वाळू साचली, त्यावर किल्ल्यातली बांधकामे झाली, आणि त्या ओझ्याखाली पायऱ्या सुरक्षित राहिल्या. आजूबाजूच्या इमारतींचे दगड निघून जात असताना नाट्यगृहाचा दगड काढायला कोणी धजावले नाही, कारण त्या दगडावर किल्ल्याची भिंत उभी होती. 1947 ते 1970 या काळात नंतरची बांधकामे आणि भराव काढून नाट्यगृह मोकळे करण्यात आले. ते झाले नसते तर आपल्याला हे नाट्यगृह दिसलेच नसते, हे मान्यच आहे. पण ज्यांनी ते सांभाळले ती मध्ययुगीन माणसे होती, त्यांनी ते वापरता वापरता सांभाळले, आणि त्यांच्या खोल्या आपण रोमन पायऱ्यांसाठी पाडल्या, याची आठवण तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला करून दिली पाहिजे.

प्राचीन अवशेषांच्या अंगाखांद्यावर वसलेली जिवंत गावे जगात पुष्कळ आहेत. अशा गावाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक पिढीत पुन्हा उभा राहतो. पुरातत्त्व खात्यांनी बहुतेक वेळा एकच उत्तर दिले आहे: वस्ती हलवा, अवशेष मोकळे करा, कुंपण घाला, तिकीट लावा. हे उत्तर चुकीचे आहे असे माझे ठाम मत आहे. अवशेषांमध्ये राहणारी माणसे त्या स्थळाच्या इतिहासाचा सर्वांत अलीकडचा थर आहेत. त्यांना हटवणे म्हणजे इतिहासाचा एक थर खरवडून टाकणे होय, आणि हा थर बोलू शकतो, आठवू शकतो, दुरुस्ती करू शकतो. वास्तुजतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेने वास्तूमध्ये सर्व काळांनी घातलेली भर जपली पाहिजे आणि शैलीची एकरूपता हे जीर्णोद्धाराचे उद्दिष्ट नसावे, असे स्पष्ट म्हटले आहे. त्या सनदेचे दाखले देणाऱ्या संस्थाच प्रत्यक्षात रोमन थर ठेवून त्यावरचे शेतकऱ्याचे घर मात्र ‘नंतरची भर’ म्हणून काढायला निघतात.

बोसऱ्याहून पश्चिमेला, सीमेपलीकडे जॉर्डनमध्ये उम कैस आहे. प्राचीन काळी याचे नाव गदारा होते, आणि रोमन आमदानीत डेकापोलिस म्हणून ओळखल्या गेलेल्या नगरसमूहात त्याची गणना होत असे. व्यंग्यकार मेनिप्पस, कवी मेलेअगर आणि तत्त्वज्ञ फिलोडेमस हे तिघेही याच गावचे. टेकडीच्या कडेला उभे राहिले की खाली यारमूक नदीचे खोरे, समोर गोलान आणि डावीकडे गॅलिलीचा जलाशय एकाच नजरेत येतो. काळ्या बसाल्टचे नाट्यगृह, दुतर्फा खांबांच्या रस्त्याची फरसबंदी, अष्टकोनी चर्चचे काळे खांब, सारे तिथे आहे. 749 च्या भूकंपाने या प्रदेशातल्या अनेक नगरांची वाताहत केली आणि गदाराही त्यातून सुटले नाही. पण 1596 च्या उस्मानी करनोंदीत इथे पुन्हा एक गाव दिसते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्राचीन बालेकिल्ल्याच्या माथ्यावर चौकाचौकांची घरे उभी राहिली.

ही घरे मी पाहिली आहेत आणि त्यांच्यापुढे रोमन रस्त्यापेक्षा जास्त वेळ रेंगाळलो आहे. मधोमध मोकळा चौक, तीन बाजूंना खोल्या, छत पेलणाऱ्या दगडी कमानी. एका दाराच्या चौकटीवर फुलांच्या नक्षीचा दगड होता. तो मुळात दुसऱ्याच कुठल्यातरी वास्तूचा, पण चौकटीत असा चपखल बसवलेला, की तो निवडताना गवंड्याने नक्षी समोर येईल याची काळजी घेतली होती हे उघड दिसत होते. पलीकडे एक दगडी शवपेटी पाण्याच्या कुंडासारखी पडून होती आणि तिची एक कड गुरांच्या मानांनी गुळगुळीत झाली होती. ज्या गवंड्याने ती नक्षी दर्शनी बाजूला ठेवली, त्याला ती आवडली होती, एवढे कळायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही.

उत्खननासाठी जॉर्डन सरकारने 1970 च्या दशकात या घरांच्या आणि जमिनींच्या संपादनाला हात घातला, आणि 1980 च्या दशकात गावकऱ्यांना जवळच वसवलेल्या नव्या वस्तीत हलवण्यात आले. रुसान कुटुंबाच्या मोठ्या वाड्याचे संग्रहालय झाले, मलकावी कुटुंबाचे घर उत्खनन करणाऱ्या पथकाच्या उपयोगाला आले, पर्यटकांसाठी उपाहारगृह निघाले, आणि बाकीची कित्येक घरे नुसती बंद राहिली. घर बंद राहिले की त्याचे काय होते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. छताची माती दर पावसाळ्यानंतर दाबावी लागते. ती दाबायला कोणी नसले की पाणी मुरते, कमानीचा सांधा सुटतो आणि एका हिवाळ्यात खोली खाली बसते. रोमन शहर पाहता यावे म्हणून ज्यांना उठवले, त्यांची घरे आज स्वतःच जतनाचा प्रश्न होऊन बसली आहेत. जी देखभाल एक कुटुंब आपल्या सोयीसाठी विनामोबदला करत होते, तिच्यासाठी आता निधी शोधावा लागतो.

याहून मोठे आणि दुःखद उदाहरण सीरियाच्या वाळवंटातल्या पाल्मिरा या प्राचीन नगराचे आहे. तिथले बेलचे मंदिर इ.स. 32 मध्ये देवाला अर्पण झाले. बायझंटाइन काळात त्याचे चर्च झाले, आणि 1132 च्या सुमारास मंदिराच्या आवाराला तटबंदी करून गाभाऱ्याची मशीद करण्यात आली. गाव हळूहळू त्याच तटाच्या आत सरकले. सुमारे आठशे वर्षे मातीच्या विटांची घरे मंदिराला चहूबाजूंनी बिलगून होती आणि गाभाऱ्यात नमाज होत असे. ज्या इमारतीत माणसे प्रार्थना करतात तिचे छप्पर ती गळू देत नाहीत. बेलचे मंदिर विसाव्या शतकापर्यंत उभे राहिले त्याला हे एक मोठे कारण आहे. 1929 ते 1932 या काळात सीरियावर तेव्हा असलेल्या फ्रेंच राजवटीने हे गाव उठवले, घरे पाडली, आणि ईशान्येला आखीव रस्त्यांचे नवे तदमुर (हे पाल्मिराचे अरबी नाव) वसवले. मंदिर मोकळे झाले, शास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला, छायाचित्रे सुंदर आली. ऑगस्ट 2015 मध्ये इस्लामिक स्टेटच्या लोकांनी त्याचा गाभारा स्फोटकांनी उडवला. तिथे वस्ती असती तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. त्या टोळीने भरवस्तीतल्या वास्तूही उडवल्या आहेत. पण त्याच महिन्यात त्यांनी ज्यांचा शिरच्छेद केला, ते खालिद अल-असद पाल्मिरातच जन्मलेले होते, चार दशके त्यांनी त्या स्थळाचा कारभार पाहिला होता, आणि संकट समोर दिसत असतानाही त्यांनी गाव सोडले नव्हते. स्थळाशी माणसाचे नाते किती खोल असू शकते, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

आता दुसरी बाजू. पुरातत्त्वज्ञांची काळजी खोटी नाही आणि ती झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. वस्तीने अवशेषांची हानी केली आहे. मध्ययुगात रोमन संगमरवर भट्टीत भाजून त्याचा चुना केला गेला. कितीतरी पुतळे असे भिंतींच्या सांध्यांत गेले. आजच्या वस्तीचे धोके वेगळे आणि काही बाबतींत जास्त गंभीर आहेत. शोषखड्ड्याचे पाणी इमारतीच्या पायात मुरते, सिमेंटच्या गिलाव्यामुळे जुन्या दगडातली ओल बाहेर पडू शकत नाही, लोखंडी सळ्यांचा स्लॅब जुन्या भिंतीवर टाकला की ती फाटते, आणि खजिन्याच्या आशेने रात्री खणणारे लोक गावातलेही असतात. शिवाय घराच्या जमिनीखाली जे पुरले आहे ते कुटुंब वर राहत असेतो अभ्यासकाला मिळत नाही. हे सगळे खरे असले, तरी त्यातून कुटुंबाला हटवण्याचा निष्कर्ष आपोआप निघत नाही. सांडपाण्याची वाहिनी सरकारने घातली नाही म्हणून शोषखड्डा आला. चुन्यात काम करणारा गवंडी मिळत नाही, परवानगीला वर्षानुवर्षे लागतात, आणि पावसाळा थांबत नाही, म्हणून सिमेंट आले. ज्याला आपले घर उद्या काढून घेतले जाईल अशी धास्ती असते, तो ते नीट दुरुस्त करण्यात पैसा घालत नाही. म्हणजे हानीचा मोठा भाग धोरणातूनच जन्मलेला असतो, आणि मग तीच हानी दाखवून विस्थापनाचे समर्थन केले जाते. आणि जमिनीखालच्या पुराव्याविषयी म्हणायचे, तर उत्खनन हे एकदाच करता येणारे काम आहे. आजच्या पिढीने सगळेच खणून संपवावे अशी निकड नाही. घराखाली झाकलेला थर हा पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलेला थर असतो.

युरोपने हा प्रश्न दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवला आहे. फ्रान्समधल्या आर्लच्या रोमन रंगमंडलात (अँफिथिएटरमध्ये) मध्ययुगात एक अख्खे गाव वसले होते; दोनशेहून अधिक घरे, दोन छोटी प्रार्थनाघरे आणि टेहळणीचे बुरूज. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते सारे पाडून रंगमंडल मूळ रूपात आणले गेले, आणि आज त्या गावाची खूण म्हणून तीन बुरूज तेवढे उरले आहेत. त्याच सुमारास इटलीतल्या लुक्का गावात वास्तुविशारद लोरेन्झो नोत्तोलिनी याने रोमन रंगमंडलाच्या मधोमध दाटलेली बांधकामे काढून चौक मोकळा केला, पण रोमन भिंतींवर रचलेले घरांचे कडे तसेच ठेवले. आज तिथे लंबवर्तुळाकार चौकात उभे राहिले की रोमन वास्तूचा आकार डोळ्यांपुढे येतो आणि वरच्या खिडक्यांतून वाळत घातलेले कपडेही दिसतात. मला लुक्काचा निर्णय जास्त शहाणपणाचा वाटतो.

जॉर्डनमध्येच खडकात कोरलेल्या पेट्रा या प्राचीन नगरात जे घडले त्यातली विसंगती तर कागदोपत्री नोंदलेली आहे. 1985 मध्ये पेट्राला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी तिथल्या गुहांत राहणाऱ्या बदूल जमातीला उम सैहून या नव्या वसाहतीत हलवण्यात आले. वीस वर्षांनी, 2005 मध्ये, पेट्रा आणि वादी रम इथल्या बेदुईनांच्या, म्हणजे वाळवंटातल्या अरब भटक्या जमातींच्या, सांस्कृतिक अवकाशाला युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाची श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केले. आधी माणसांना त्या अवकाशातून बाहेर काढायचे आणि मग त्यांच्या जीवनपद्धतीचा गौरव करायचा, यात कोणाचीही दुष्ट बुद्धी असेल असे नाही. दगड सांभाळणारा विभाग वेगळा आणि माणसांची संस्कृती सांभाळणारा विभाग वेगळा असला, की असेच होणार.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. मराठवाड्यातले तेर हे प्राचीन तगर; पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे, आणि रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा तिथल्या मातीत मिळाल्या आहेत. जुन्या वस्तीच्या मातीने बनलेल्या त्या पांढरीच्या टेकाडांवर आणि भोवती गाव आजही नांदते आहे, त्रिविक्रमाच्या देवळात आणि संत गोरोबाकाकांच्या समाधीपाशी माणसांची ये-जा चालू आहे. तेरच्या वस्तू जगासमोर आल्या त्याचे फार मोठे श्रेय गावातलेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांना जाते. पावसाने धुऊन वर आलेल्या, नांगराला लागलेल्या, लोकांनी आणून दिलेल्या हजारो वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या आणि त्यांच्या संग्रहातून आज शासनाचे वस्तुसंग्रहालय उभे आहे. गाव रिकामे असते तर ही वस्तू कुठे सापडली, कोणाच्या शेतात, कोणत्या ओघळात, हे सांगणारे तरी कोण असते? पन्हाळ्याचेही उदाहरण ताजे आहे. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, याचा आनंद प्रत्येक मराठी माणसाला झाला. पण पन्हाळ्यावर नगरपरिषद आहे, शाळा आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आहेत. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत निर्बंध, हा नियम 2010 च्या कायदेदुरुस्तीने आधीच लागू आहे. अशा वेळी आपल्या घरांचे काय होणार, ही तिथल्या लोकांची धास्ती म्हणजे वारशाला विरोध, असे समजणे अन्यायाचे आहे. हंपीच्या विरूपाक्ष बाजारातली वस्ती 2011 मध्ये ज्या पद्धतीने पाडली गेली ते पाहिलेल्यांना ही धास्ती वाटणारच.

मग काय करावे? माझी पहिली मागणी अशी, की जिवंत वस्ती असलेल्या वारसास्थळाच्या आराखड्यात घरदुरुस्तीचा विभाग सर्वांत आधी लिहिला जावा. कोणता दगड, कोणता चुना, किती उंची, छप्पर कसले, हे गावकऱ्याच्या भाषेत, चित्रांसह सांगावे. अर्जाचा निकाल ठरावीक मुदतीत लागावा. चुन्यात काम करणारे गवंडी त्याच गावातून तयार करावेत, आणि सिमेंटपेक्षा चुना महाग पडत असेल तर तो फरक शासनाने सोसावा, कारण तो भार सार्वजनिक हितासाठी आहे. सांडपाणी आणि विजेच्या वाहिन्या टाकणे हे उत्खननाच्या खर्चाइतकेच जतनाचे काम समजावे. एखादे घर खरोखर पायालाच धोका करत असेल, तर त्या एका घराविषयी, कारणे लेखी देऊन, कुटुंबाच्या संमतीने आणि जवळच पर्याय देऊन निर्णय व्हावा. सबंध वस्तीला एकाच नकाशात लाल रेषेने वगळणे थांबले पाहिजे. तिकिटाच्या उत्पन्नातला काही भाग गावाला मिळावा आणि तो किती, हे ठरवताना गावकरी समोर बसलेले असावेत.

माणसे उठवण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि त्याला नोटीस लागत नाही. क्रोएशियातल्या स्प्लिट शहराचा गाभा म्हणजे सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा. सातव्या शतकात जवळच्या सलोना नगरातून पळून आलेल्या लोकांनी त्याच्या भिंतींआड आसरा घेतला आणि सम्राटाच्या समाधीचे पुढे कॅथेड्रल झाले. शेकडो वर्षे गजबजलेल्या त्या वाड्यातून आता कुटुंबे बाहेर पडत आहेत, कारण उन्हाळ्यात पर्यटकांना खोली भाड्याने देणे तिथे राहण्यापेक्षा फायद्याचे झाले आहे. म्हणून किती घरे निवासी राहिलीच पाहिजेत, याची मर्यादा पर्यटन वाढण्याच्या आधी घालावी लागते. नंतर घातलेल्या मर्यादेला अर्थ उरत नाही. आपण जे पाहायला जातो, त्या प्रवाशांचीही इथे जबाबदारी आहे. अशा गावात गेल्यावर छायाचित्रात घर आले, अँटेना आली, दोरीवरचे कपडे आले, म्हणून तक्रार करणारे अभिप्राय पर्यटन खात्यांकडे जातात आणि त्यांचे वजन पडते. गावातल्याच वाटाड्याला सोबत घ्यावे, मुक्काम गावकऱ्याकडे करावा, आणि अभिप्राय द्यायचाच तर गाव जागेवर आहे याबद्दल समाधान व्यक्त करणारा द्यावा.

हा प्रश्न आज सर्वांत तातडीचा आहे तो सीरियातच. उत्तर सीरियातली चाळीसएक प्राचीन गावे 2011 मध्ये जागतिक वारसा यादीत आली. पहिल्या ते सातव्या शतकांमधली, रोमन आणि बायझंटाइन काळातली ही गावे हजार-बाराशे वर्षांपूर्वी ओस पडली होती. युद्धात बेघर झालेल्या कुटुंबांनी त्यांच्या भिंतींना ताडपत्र्या बांधून आसरा घेतला, आणि गरजेपोटी काही ठिकाणी दगडही हलवले. डिसेंबर 2024 मध्ये जुनी राजवट गेली आणि पुनर्बांधणीची भाषा सुरू झाली. तेव्हा या कुटुंबांना आधी स्वतःच्या गावात छप्पर मिळाले पाहिजे आणि मगच त्या भिंतींपुढचे कुंपण बंद झाले पाहिजे; हा क्रम उलटता कामा नये. बोसऱ्याच्या बाबतीतही नाट्यगृहाच्या दुरुस्तीला परदेशातून निधी येईल, तज्ज्ञ येतील. त्या निधीच्या करारात जुन्या गावातल्या काळ्या दगडाच्या राहत्या घरांसाठी वेगळी रक्कम लिहिलेली असावी, आणि त्या घरांचे मालक करारावर सही होण्याआधी तो वाचू शकतील अशा अरबीत तो त्यांच्या हाती पडावा.